निवडलेली माती

७ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. सहा वर्षांनी माझ्या नावावर आलेलं पत्र, आणि ओळी चार. ते मी आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग उठून हात धुऊन आले आणि पुन्हा वाचलं. हात का धुतले ते विचारू नकोस. तू मला शंकासुर म्हणायचीस, ते काही उगाच नाही.

तू लिहिलंयस की आपल्या गावातल्या दवाखान्यात तुला परिचारिकेची जागा मिळतेय आणि पंधरा फेब्रुवारीपर्यंत हो-नाही कळवायचंय. तुझी लेक, मुंगी, तीन वर्षांची झालीय आणि कितीही ओरडलं तरी माती खाते. आलीस तर आपल्याच घरी राहशील, पण परसातली माती तिला चालेल का, ते बाबांना न विचारता मी मोजून सांगायचं. खाली सही. 'कशी आहेस' नाही. ही तक्रार नाही. मी तुला जे शेवटचं पत्र लिहिलं होतं, त्यातही ते नव्हतं. 'बाबांची माफी मागितल्याशिवाय या घरात पाऊल टाकू नकोस' एवढंच होतं, आणि त्या वाक्यात माझी एक शुद्धलेखनाची चूकही होती. ती मला पत्र पेटीत टाकल्यावर आठवली, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्या चुकीचंच जास्त वाईट वाटलं.

आता मोठी झालेय. निदान चुकांची क्रमवारी तरी कळते.

माझं काम तुला आईने कळवलं असेलच. मी मातीच्या प्रयोगशाळेत आहे. लोक पिशवीतून माती आणून देतात, आम्ही तिच्यात शिसं किती, कॅडमियम किती, निकेल किती ते सांगतो. तेल शुद्धीकरण कारखान्याच्या आसपासची माती सगळ्यात जास्त येते. आपलं घर त्या कारखान्याच्या टाक्यांना पाठ लावून उभं आहे, आणि तीन वर्षं या नोकरीत असून मी आपल्या परसाची चिमूटभर माती कधी नेली नाही. का नेली नाही याचं उत्तर मी शोधलं. बरं नाहीये ते.

बाबा निवृत्त झाल्यापासून परसातच असतात. टाकीत फीत सोडून तेल मोजण्यात ज्या माणसाची एकतीस वर्षं गेली, तो आता वांग्याच्या रोपाची उंची मोजतो आणि वहीत लिहितो. तू त्या दिवशी जेवताना म्हणालीस ना, "या घराला तेलाचा वास येतो, माझं डोकं दुखतं, मी इथे राहणार नाही," आणि ते म्हणाले, "याच वासावर वाढलीस तू." तेव्हापासून त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. पण आईने तुझं पत्र वाचायला घेतलं की ते खोलीतून बाहेर जात नाहीत. चष्मा पुसत बसतात. ते वाचन संपेपर्यंत चष्मा मळकाच असतो.

मी मोजते. बाबांना सांगत नाही. मोठ्या मॅडमची परवानगी घेतलीय. त्या म्हणाल्या, "घरचं काम आहे ना? मग रांगेत सगळ्यात शेवटी."

तुझी बहीण


२८ जानेवारी

ताई,

चालेल! आधी एवढंच सांगते. चालेल.

आता नीट सांगते. परसात नमुने घ्यायला बसले तर पाचव्या मिनिटाला बाबा मागे उभे.

"काय खणतेस?"

"सराव करतेय. कामाचा."

"तुमच्या ऑफिसला स्वतःची माती नाही वाटतं?"

"आहे, पण ती मोजून झाली."

"सराव करायचा तर सरळ रेषेत कर. कोंबडीसारखी काय उकरतेयस?"

आणि सुतळी घेऊन आले. मग आम्ही दोघांनी मिळून परसाचे चौकोन पाडले, खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली. प्रत्येक चौकोनातून वरची दोन बोटं माती. जास्त खोल कशाला, मुंगी काही विहीर खणून खाणार नाही. (हे बाबांना बोलले नाही. तुला सांगतेय.) बाबांनी एकदाही विचारलं नाही की कशासाठी. फक्त तिसऱ्या ओळीत मला थांबवून म्हणाले, "इथे नको, इथे पूर्वी वाट होती." मी म्हटलं, "सगळीकडून घ्यायची असते, बाबा." ते म्हणाले, "घे मग. मला काय."

माती प्रयोगशाळेत नेली, पसरली, खडेबिडे काढून एकदम स्वच्छ केली, वाळवली, चाळली, कुटली, आम्लात विरघळवली. आईने पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती. शिसं आलं चौतीस. किलोमागे चौतीस मिलिग्रॅम. लहान मुलांच्या खेळायच्या जागेसाठी आमच्याकडे दोनशेच्या वर गेलं की लाल शाईने लिहितात. चौतीस म्हणजे, कारखान्याला पाठ लावलेल्या घरात, मला स्वतःला विश्वास बसेना इतकं चांगलं. निकेल थोडं जास्त, पण तेही मर्यादेत.

मी ते यंत्रावर तीनदा लावलं. तिन्ही वेळा चौतीसच्याच आसपास.

आईला सांगितलं. तिने मागच्या खोलीतली ट्रंक ओढून पुढच्या खोलीत आणली आणि मागची खोली पुसायला घेतली. बाबांनी विचारलं, "खोली का रिकामी करतेयस?" तर म्हणे, "हवा लागू दे भिंतींना."

ये, ताई.

तुझी बहीण


११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र परवा आलं. या वेळी अकरा ओळी. मोजल्या, अर्थातच. पंधरा तारखेला तू होकार कळवणार, तिथली नोकरी सोडणार, घरमालकांनाही सांगून टाकणार. भावोजींचं घड्याळदुरुस्तीचं काम कुठेही चालतं, हे बरं झालं. मुंगीने तुझ्या कुंडीतली माती खाऊन वर "गोड नाही" असा शेरा दिला, ते आईला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. बाबा चष्मा पुसत होते. म्हणाले, "कुंडीतल्या मातीत दम नसतोच."

म्हणजे त्यांना माहीत आहे, ताई. आम्ही कोणीच सांगितलं नाही, पण त्यांना माहीत आहे. काल त्यांनी परसाच्या दारापाशी बुटकीशी पायरी बांधली. तिथे पायरीची गरज आपल्यापैकी कोणालाच नाही.

मोजणीचं एक बारीक काम राहिलंय. ते झालं की सविस्तर लिहीन. गडबडीत आहे.

तुझी बहीण


१९ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र बसून वाच. मुंगी जवळ असेल तर तिला भावोजींकडे दे.

चौतीस हा आकडा खोटा आहे. यंत्र बरोबर होतं, वजनं बरोबर होती, आम्ल बरोबर होतं. चूक त्याच्याही आधीची, माझ्या बोटांची आहे.

नऊ तारखेला सकाळी मी दुसऱ्या कोणाच्या तरी परसातली माती पसरून बसले होते. तीत काळे, मिरीएवढे खडे होते. माझा हात आपोआप गेला आणि एकेक खडा बाजूला काढायला लागला. मोठ्या मॅडम मागून आल्या.

"हात काढ. माती आहे का धान्य?"

"खडे आहेत, मॅडम."

"असू देत. चाळणी जे ठेवेल ते ठेवेल, जे सोडेल ते आपलं. मूल माती निवडून खातं का?"

मी हात काढून घेतला. त्यांनी विचारलं, "काय झालं? पांढरी पडलीस."

तुला तरी समजावून सांगायची गरज नाही. आपली पहिली शाळा स्वयंपाकघरात. बाबा पाळीवरून आले की फीत पसरून आकडे शिकवायचे, आणि आई ताटात धान्य ओतून द्यायची. निवडत निवडत पाढे म्हणायचे. खडा सापडला की पाढा थांबवायचा, खडा बाजूला ठेवायचा, पुढे चालायचं. निवडल्याशिवाय काही तराजूत घालायचं नाही. तू आठव्या वर्षी बाहेरच्या शाळेत गेलीस, मी नवव्या. तोवर माझ्या बोटांचं शिक्षण पूर्ण झालं होतं. प्रयोगशाळेत मोठे दगड आणि मुळं काढायची असतात, तेवढंच मी करायचे. घरच्या मातीला मात्र मी घरच्यासारखं वागवलं. ताटात घेतलं आणि निवडलं.

ते काळे खडे मी फेकले नव्हते. निवडलेलं लगेच फेकायचं नाही, आई एकदा नजर टाकते, तीही सवय. एका झाकणात ठेवले होते. मॅडमनी ते कुटून मोजायला लावले. आकडा लिहीत नाही, त्याला काही अर्थ नाही. एवढंच, की यंत्राच्या मापात तो मावला नाही आणि द्रावण पातळ करून पुन्हा लावावं लागलं.

मग सुतळीच्या त्याच चौकोनांतून पुन्हा माती आणली. या वेळी बोट लावलं नाही. पुढचा भाग साठ. मधला दोनशे दहा. आणि तिसरी ओळ, जिथे बाबा म्हणाले होते की इथे पूर्वी वाट होती, तिथे अकराशे चाळीस.

ती काळी वाट तुला आठवते? दारापासून विहिरीपर्यंत. पायाला गार लागायची, तिच्यावर कधी चिखल व्हायचा नाही, मुंग्या यायच्या नाहीत. आपण तिच्यावर बसून भातुकली खेळायचो, वाटेचे तुकडे काढून त्यांचा 'कोळसा' करायचो. पेट्रोलमध्ये शिसं घालायचे त्या दिवसांतली ती गोष्ट. टाकी धुतली की तळाचा गाळ निघायचा, तो उन्हात वाळवत ठेवायचे, आणि वाळला की टाक्यांवरची माणसं तो बादलीने घरी न्यायची. धूळ बसवायला. आपल्या ओळीतल्या अकराही घरांत तशी वाट होती. पुढे बाबांनी वांग्यांसाठी ती खणून मातीत मिसळली.

आता दोन गोष्टी कबूल करायच्या राहिल्या. पहिली: मागचं पत्र लिहिलं तेव्हा मला हे ठाऊक होतं. अकरा तारीख होती, तुझ्या होकाराला चार दिवस होते. मॅडमनी सांगितलं होतं, "आकड्याची वाट बघू नकोस, बहिणीला आजच लिही." मी लिहिलं 'एक बारीक काम राहिलंय'. पक्का आकडा आल्याशिवाय काही सांगू नये, असं मी स्वतःला समजावलं. ते खरं नव्हतं. आईने पडदे धुवायला काढले होते आणि बाबा पायरीला सिमेंट लावत होते.

दुसरी याहून वाईट. ते खडे निवडताना मला ओळखू आले होते. पूर्ण नाही. पण एक खडा बोटांत फिरवला आणि मनात आलं, 'ही बाबांची वाट'. तरी बाजूला ठेवला. सवयीने ठेवला की तू यावीस म्हणून ठेवला? दहा दिवस मी हे मनात घोळवतेय. सांगता येत नाही, ताई. सांगता आलं असतं तर सांगितलं असतं.

तुझी डोकेदुखी त्या वाटेमुळे होती का, असं तू विचारशील. मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांनी कोणालाच सांगता येणार नाही. पण तुझी डोकेदुखी खोटी असं मी सहा वर्षं म्हणत होते, ते आजपासून म्हणणार नाही.

पुढचं लिहायला घेते आहे तेवढ्यात बाबा आले. ते उद्या लिहीन, हे आधी पाठवते. थांबले तर पुन्हा थांबेन.

तुझी बहीण


२० फेब्रुवारी

ताई,

बाबांना काल सांगितलं. ते पायरीवर बसले होते. मी कागद पुढे केला. त्यांनी तो नीट वाचला. आकडे वाचताना त्यांचे ओठ हलतात, अजूनही.

"गाळ वाळवला की त्याच्यात काही राहत नाही, असं साहेब म्हणायचे."

"हो, बाबा."

"सगळे न्यायचे."

"हो."

"आधी मी आणला. या ओळीत पहिला मीच. पावसात तुमचे दोघींचे पाय चिखलात जायचे म्हणून." मग म्हणाले, "मोठीला लिहिलंस?"

मोठी म्हणजे तू. सहा वर्षांनी.

"लिहितेय."

"लिहितेय म्हणजे? पेटीत टाकलंस का?"

"अजून नाही."

"मग माझ्याशी काय गप्पा मारत बसलीस? ऊठ!"

आईने आज सकाळी सगळी वांगी उपटली. एकेक रोप उपटताना ती त्याला काहीतरी बोलत होती. काय ते मी ऐकलं नाही. तिच्या खाजगी गोष्टी असतील.

तुझी बहीण


६ मार्च

ताई,

तुझं कार्ड आलं. दोन ओळी. 'नोकरी सोडून झाली, घरही सोडून झालं, त्यामुळे येतेच आहे. पण तुझ्या घरात राहणार नाही.'

'आपल्या' ऐवजी 'तुझ्या'. बरोबर आहे. मी त्यावर काही म्हणणार नाही. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आहेत, तिसऱ्या मजल्यावर. माती नाही, कुंडीसुद्धा नाही. वारा कारखान्याकडून तिकडे क्वचित जातो. मी पाहून आले. खिडकीच्या चौकटीवरची धूळ पुसून नेली आणि मोजली. निवडली नाही. आकडा सोबत जोडलाय. काय करायचं ते तू ठरव, मी सल्ला देत नाही. माझ्या सल्ल्याचं काय होतं ते आपण पाहिलं.

इकडची खबर. आम्ही तिघांनी रक्त तपासून घेतलं. आईचं आणि माझं ठीक. बाबांच्या रक्तात शिसं जरा जास्त निघालं. डॉक्टर म्हणाले, या वयाच्या आणि या धंद्यातल्या माणसाला घाबरण्यासारखं नाही, माती हाताळणं थांबवा, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा. बाबा म्हणाले, "थांबवतो." घरी आल्यावर विचारलं, "हातमोजे घालून चालेल का?"

पण मुख्य बातमी ही नाही. सोमवारी सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि कागद घेऊन निघाले. मला वाटलं कारखान्यात जातायत. ते शेजारच्या घरात गेले. मग त्याच्या पुढच्या. ओळीतली बाकीची दहाही घरं. मी कुंपणापाशी उभी राहून ऐकत होते. वेल्डरकाकांच्या दारात तर चांगलीच जुंपली.

"तीस वर्षं त्या वाटेवर चालतोय," वेल्डरकाका म्हणाले. "मला काय झालंय?"

"तुला काय व्हायचंय! तुझी नात रांगते ना आता?"

"रांगते."

"मग?"

"अरे, पण वाट करायला तूच शिकवलंस! माप पण तूच दिलंस, एक बादली गाळ, अर्धी बादली वाळू."

"म्हणून तर मीच सांगायला आलोय. दुसरा कोणी आला असता तर तू त्याला हाकलला असतास."

"तुलाही हाकलणार होतो."

"मग चहा टाक आणि हाकल."

चहा झाला. दुपारी वेल्डरकाकांची सून पिशवीतून माती घेऊन आमच्या प्रयोगशाळेत हजर. मॅडमनी पाहिलं आणि मला म्हणाल्या, "तुमची गल्ली रांगेत कुठे घालू?" मी म्हटलं, "शेवटी." त्या म्हणाल्या, "लहान मुलं आहेत ना? पुढे घे."

तुझी बहीण


२ एप्रिल

ताई,

तुझं येणं आठवड्यावर आलं. हे तुला तिथे मिळेल की नाही कोण जाणे, पण लिहिते.

कारखान्याच्या सुरक्षा विभागाच्या साहेबांनी आधी ऐकून घेतलं नाही. बाबा ओळीतल्या सहा म्हाताऱ्यांना घेऊन रोज सकाळी त्यांच्या फाटकासमोरच्या बाकावर जाऊन बसायला लागले. भांडण नाही, घोषणा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला नमस्कार, आणि एकतीस वर्षांत ओळखीचा नाही असा माणूस त्या फाटकातून जातच नाही. चौथ्या दिवशी साहेब स्वतः बाहेर आले. आता त्यांची माणसं येऊन अकरा परसांतली माती काढून नेतायत. आधी पाणी मारतात म्हणजे धूळ उडत नाही, मग कोपरभर खोल खणतात, बंद पोत्यांत भरतात. घरच्यांनी दारं-खिडक्या लावून आत बसायचं. बाबा आत बसतात, पण काचेतून खाणाखुणा करून त्यांना खोली दाखवतात. आईने शेवटी पडदा ओढला.

आपल्या परसात गेल्या आठवड्यात नवी माती आली, नदीच्या वरच्या अंगाची. ती आमच्याकडे आधी मोजून मग आणली. परसात पसरल्यावर मी पुन्हा चौकोन पाडले. एकटीने. खडे, काड्या, मुळं, सगळं चाळणीवर सोडलं. हात मागे बांधून उभी होते म्हटलंस तरी चालेल. पुढचा भाग एकोणीस, मधला बावीस, तिसरी ओळ एकवीस. कोपरभर खाली जुनी माती अजून आहे, मध्ये जाड कापड घातलंय. हेही सांगायला हवं. वारा, पाऊस, टाक्या आहेत तिथेच आहेत, म्हणून दर सहा महिन्यांनी मोजावं लागेल. परसात घातलेल्या चपला घरात आणायच्या नाहीत. खेळून झालं की हात साबणाने धुवायचे.

या वेळी 'ये' लिहीत नाही. हे आकडे आहेत. ठरव.

तुझी बहीण


१४ एप्रिल

ताई,

वीस मिनिटांवर राहणाऱ्या बहिणीला पत्र लिहिणं वेडेपणाचं आहे, हे मला कळतं. पण तोंडावर बोलायला गेले की मी दर वाक्याला माफी मागते आणि तू म्हणतेस, "पुढे बोल." कागदावर एकदाच मागून मोकळी होते. मागितली. संपलं.

कालचं मात्र लिहून ठेवायलाच हवं. तुला ते बाहेरून दिसलं, मला आतून दिसलं.

तू आलीस तेव्हा बाबा पायरीवर उभे होते. सकाळपासून चारदा शर्ट बदलून झाला होता. तू फाटकाशीच थांबलीस. मुंगी तुझ्या पायाला मिठी मारून. आई पुढे जाणार होती, मी तिचा हात धरला. बाबांनी तोंड उघडलं, मिटलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक होतं, आणि त्यांना ते म्हणता येणार नाही हेही ठाऊक होतं. मग त्यांनी खिशातून माझा कागद काढला. चष्मा लावला. आणि पाळी बदलताना टाक्यांवर जसं वाचायचे तसं, ताठ उभं राहून, मोठ्याने वाचलं.

"पुढचा भाग. एकोणीस."

मला वाटलं, गेलं सगळं. तुला याचा अर्थ लागणार नाही. जाणारी पाळी आकडा मोठ्याने सांगते, येणारी पाळी तोच आकडा परत म्हणते. परत म्हटला नाही तर जाणाऱ्याने जागा सोडायची नाही, जबाबदारी त्याचीच. आपण लहान असताना डबा घेऊन जायचो तेव्हा पाहिलं होतं, पण त्याला किती वर्षं झाली.

तू म्हणालीस, "एकोणीस."

बाबांनी पुढची ओळ वाचली. "मधला भाग. बावीस."

"बावीस."

"वाटेची..." ते थांबले. "वाटेची जागा. एकवीस."

तू तो आकडा परत म्हटला नाहीस. आईची नखं माझ्या हातात रुतली. मग म्हणालीस, "ऐकू नाही आलं, बाबा. पुन्हा सांगा."

मला माहीत आहे, तुला ऐकू आलं होतं. त्यांनाही माहीत होतं. त्यांनी चष्मा काढला, कागद खिशात ठेवला आणि न बघता सांगितलं, "वाटेची जागा. माझी चूक होती. एकवीस."

"एकवीस," तू म्हणालीस, आणि फाटकाची कडी काढलीस.

मग जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आई रडली, भावोजींनी आपण इथे नसल्यासारखं घड्याळात पाहिलं, मुंगीने पायरीवर चढून उतरून चढून उतरून पायरी पास केली. वेल्डरकाका कुंपणावरून म्हणाले, "झालं का पाळी बदलून? मग त्या पोरीला खेळू द्या की!"

तू अजून इथे राहायला येणार नाहीस, ते मला मान्य आहे. सहा महिन्यांनंतरची मोजणी पाहून मग बघू म्हणालीस, ते तर मला आवडलंच. मी तुझ्या जागी असते तर वर्ष म्हटलं असतं. ती मोजणी तू समोर बसून बघ, अशी माझी इच्छा आहे. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, "आण. तुझी बोटं तरी जागेवर राहतील."

एक राहिलं. रविवारी येताना मुंगीला तो पांढरा फ्रॉक घालू नकोस. काल ती मातीत बसायला गेली की तू तिला उचलत होतीस, आणि बाबा दर वेळी दुसरीकडे बघत होते. जुनेपाने कपडे घाल. मळू दे तिला.

तुझी
शंकासुर